उजवा कौल

पाषाणावर पाणी ओतलं की तो काळाभोर होतो आणि त्यावरचे शेंदराचे ठिपके उठून दिसतात. गुरवकाकांनी ओंजळभर पाणी ओतलं, तळव्याने पाषाण पुसला आणि तगरीच्या दोन कळ्या ओल्या दगडाला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग हात जोडून, शेजारच्याशी बोलावं तशा आवाजात देवाला म्हणाले, "म्हाराजा, पोरगा मुंबईला निघालाय. तिथं त्याचं कोन न्हाय. राजी असशील तर उजवी दे, नसशील तर डावी दे, पन कायतरी बोल."

दहावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. बाहेर मृगाचा पाऊस. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीचं देऊळ तेव्हा गळकं होतं. पाषाणावरचं पाणी कुठलं आणि छपरातून टपकणारं कुठलं, ते कळत नव्हतं. डावीकडची कळी जराशी सरकली. आजीने डोळे मिटून घेतले. कळी तिथेच अडकली आणि बऱ्याच वेळाने उजवीकडची टपकन खाली पडली. आजीने माझ्या कपाळाला अंगारा लावला, उरलेला कागदात बांधून खिशात घातला. मला वाटलं, संपलं. मी उठायला लागलो तर गुरवकाका म्हणाले, "बस. देवानं त्याचं दिलंन. आता तू तुझं दे."

"काय देऊ?"

"शिमग्याला पालखीला खांदा. दर वर्षी."

मी हो म्हणालो. सोळा वर्षांच्या पोराने देवळात दिलेला शब्द, पुढे किती पुरला ते शेवटी सांगतो. पण या संग्रहातल्या हकिगती गोळा करत गावोगाव फिरताना लक्षात आलं ते हे, की जवळजवळ प्रत्येकाने आपल्या निघण्याची गोष्ट तिथूनच सुरू केली होती: देवाने काय दिलं आणि देवाला काय दिलं. म्हणून ही प्रस्तावनाही त्या दोन कळ्यांपासूनच सुरू करावी लागली.

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपुरात उतरते, महाडला काळ आणि गांधारी या नद्यांना भेटते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जाते. नदीला बाहेरची वाट आहे तशी माणसांनाही आहे, आणि तीही पूर्वीपासून. वरकस जमिनीत नाचणी-वरी, खाली दोन-चार खाचरं भाताची. खाणारी तोंडं वाढली की एकाने निघायचं, हा इथला नियम. कुणी पलटणीत गेला, कुणी गोदीत, कुणी गिरणीत. दासगावच्या बंदरातून बोटीने जाणाऱ्यांची नातवंडं आता एसटीने आणि कोकण रेल्वेने जातात. जाणाऱ्याला पुढचं काही ठाऊक नसे. लालबाग-परळला गावकीची एक खोली असे, तिथे रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. खोलीचा पत्ता खिशात, अंगाऱ्याची पुडी खिशात, आणि देवाचा शब्द. भांडवल एवढंच.

हा 'शब्द', म्हणजेच कौल, फार जुना आहे. कौल हा मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आला. अर्थ सरळ: बोललेली गोष्ट, वचन. देवळात शिरण्याआधी तो दफ्तरात होता. लढाया, दुष्काळ, लूट यांनी गावं ओस पडली की सरकार रयतेला कौलनामा देई. परत या, पडीक जमीन नांगरा, पहिली वर्षं सारा थोडा घेऊ, मग चढत्या हप्त्याने पुरा दर लावू. या चढत्या हप्त्याला इस्तावा म्हणत. कौलनाम्यात अभय असे आणि अटही असे. उजाड रानात बिऱ्हाड मांडणाऱ्या कुणब्याला राजा सांगे, मी तुला लुटणार नाही. आणि कुणबी सांगे, मी जमीन पडीक ठेवणार नाही. एकाने मोडलं की दुसऱ्याचं सुटलं.

देवाच्या कौलाला याच दफ्तरी कौलाचा वास आहे, असं मला वाटतं. आमचा देव आकाशवाणी करत नाही, की स्वप्नात येऊन सगळा भविष्यकाळ वाचून दाखवत नाही. तो एक कळी पाडतो. पुढची वाट तो दाखवत नाही, फक्त 'निघ' म्हणतो आणि मागे एक अट ठेवतो. मराठीने इथे एक गंमतही करून ठेवली आहे. घरावरचं ते कौल, देवाचा तो कौल. ते कौल फुटलं तर दुसरं घालता येतं. तो कौल बदलून मागता येत नाही. निवडणुकीनंतर वर्तमानपत्रं 'जनतेचा कौल' छापतात तेव्हा त्या शब्दातली दुसरी बाजू, म्हणजे घेणाऱ्यावर पडलेली अट, तेवढी सोयीने गळते.

देवाचं वचन घेऊन अज्ञातात पाऊल टाकण्याची या मुलखातली सगळ्यात मोठी गोष्ट आंबेनळी घाटाच्या वाटेवर घडली. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना प्रतापगड लागतो. 10 नोव्हेंबर 1659 रोजी त्याच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफजलखानाला भेटले. भेटीआधी भवानीने दर्शन देऊन यशाचा शब्द दिला, असं सभासदाची बखर सांगते. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'तही देवीचं दर्शन आहे. हे अपुरं राहिलेलं संस्कृत महाकाव्य लिहिणाऱ्या परमानंदाची समाधी पोलादपुरातच आहे. महामार्गावरून रोज शेकडो गाड्या त्या गावातून जातात, पण देवीच्या वचनाची गोष्ट लिहून ठेवणारा माणूस इथे विसावला आहे हे गाडीतल्या फार थोड्यांना माहीत असतं.

कीर्तनात ही गोष्ट देवीच्या दर्शनापाशी थांबते. बखर थांबत नाही. वचन मिळाल्यावर महाराजांनी काय केलं, ते ती सांगते: आपलं बरंवाईट झालं तर राज्य कसं चालवायचं याची सोय लावली, अंगरख्याखाली चिलखत चढवलं, डोक्याला संरक्षण घेतलं आणि जावळीच्या रानात फौजा पेरून ठेवल्या. देवीने शब्द दिला होता ना? मग चिलखत कशाला? हा प्रश्न मी एका वयस्कर भजनीबुवांना विचारला. पखवाजाला शाई लावता लावता ते म्हणाले, "देवीनं जिंक म्हटलंन, उघडा जा न्हाय म्हटलंन." विश्वासावरची पुष्कळ प्रवचनं मी ऐकली आहेत, एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. वचनावर भरवसा ठेवणं म्हणजे तयारी सोडणं नव्हे. उलट भरवसा असतो म्हणूनच माणूस शांत डोक्याने तयारी करू शकतो. ज्याला आतून धीर नाही तो चिलखताच्या कड्या मोजत बसतो, भेटीला जात नाही.

संग्रहाचा मोठा भाग मुंबईने व्यापला आहे, तो अपरिहार्य होता. त्यातही वाचकाने एका गोष्टीकडे लक्ष द्यावं. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप संपल्याचं कुणी जाहीर केलं नाही. गिरण्या मात्र एकेक करून संपल्या. महाड-पोलादपूर या आमच्या दोन तालुक्यांतली किती घरं त्या वर्षी गावाकडे वळली, ते वाडीत मोजायचं तर घराघरात बसावं लागेल. उजवा कौल घेऊन गेलेली माणसं पत्र्याची ट्रंक घेऊन परत आली. देवाचं वचन खोटं ठरलं का? पुढच्या पानांत एक निवृत्त साचेवाले या प्रश्नावर थोडं रागावूनच सांगतात, "देवानं मुंबईला जा म्हटलंन. गिरणी चालेल असं कधी म्हटलंन?" त्यांनी संपानंतर परळच्या फुटपाथवर भाजी विकली, मुलीला शिकवलं आणि एकही शिमगा चुकवला नाही. देवाने काय कबूल केलं होतं आणि आपण मनाने त्यात काय काय घातलं होतं, हा फरक त्यांना चाळीस वर्षांपूर्वी कळला होता. आपल्यापैकी बहुतेकांचा देवावरचा राग असा आपणच वाढवलेल्या कलमांवरचा असतो.

आमच्याच जिल्ह्याच्या किनारपट्टीवरचे बेने इस्राएल लोकही हेच सांगतील. तेल गाळणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा, म्हणून 'शनिवार तेली' म्हटला जाणारा हा मराठी बोलणारा ज्यू समाज. शुभप्रसंगी आणि नवस फेडताना प्रेषित एलियाहू हन्नबीची आठवण करून मलिदा वाटणारा. त्यांच्या परंपरेचा मूळपुरुष अब्राहाम हाच मुळी वचनावर निघालेला माणूस: जायचं ठिकाण आधी सांगितलेलं नाही, फक्त निघायला सांगितलेलं. 1948 नंतर अलिबाग-पेण-मुंबईची ही कुटुंबं वचनाच्या भूमीत गेली. तिथे पोचल्यावर त्यांच्या लग्नांबाबत धर्मपीठानेच शंका घेतल्या, तुम्ही अस्सल ज्यू कशावरून, म्हणून. वर्षानुवर्षं झगडल्यावर 1964 मध्ये तिथल्या संसदेने त्यांना इतरांच्या बरोबरीचं मानलं. देवाने भूमी दाखवली; शेजाऱ्याने दार उघडावं म्हणून मात्र त्यांना रस्त्यावर बसावं लागलं. आणि एवढं होऊनही त्यांनी तिथे मराठी 'मायबोली' नियतकालिक काढलं. मागच्या गावाचा हप्ता त्यांनी अशा रीतीने भरला.

आता अवघड भाग. कौलाची एवढी थोरवी सांगायची आणि महाडमध्ये उभं राहून हे सांगायचं नाही, तर ही प्रस्तावना खोटी ठरेल: हा कौल सगळ्यांना मिळत नव्हता. ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे उभं राहावं लागे त्यांच्यासाठी गुरव कळ्या लावत नसे. ऑगस्ट 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर कौल होता. पाण्याला हात लावायची सोय नव्हती. 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला परिषद भरली. ती घडवून आणणाऱ्यांत याच मुलखातले रामचंद्र बाबाजी मोरे होते, सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे होते. 20 तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांपुढे चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले.

पुढे जे झालं त्यात देवाला ओढलं गेलं. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई गावात उठली आणि परतीच्या वाटेवरच्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. मग 108 घागरी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. 25 डिसेंबरला पुन्हा परिषद भरली, तेव्हा जागा मिळेना. ती एका मुसलमान गृहस्थांनी दिली. त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला तो 17 मार्च 1937 रोजी, म्हणजे पहिल्या ओंजळीनंतर 10 वर्षांनी.

त्या पहिल्या ओंजळीत कुठल्याही देवाचा उजवा कौल नव्हता. अज्ञातात पाऊल टाकण्याचं धैर्य देवाच्या वचनावाचून येतच नाही, असं म्हणणाऱ्याने चवदार तळ्याच्या काठावर जरा वेळ उभं राहावं. बाबासाहेबांनी त्या माणसांना देवाचं वचन दिलं नाही. तुम्ही माणूस आहात, एवढंच सांगितलं, आणि त्या बळावर ती निघाली. गावात परतल्यावर बहिष्कार, उपासमार, मार काय काय भोगावं लागेल हे ठाऊक असून निघाली. या संग्रहात त्यांच्या नातवंडांच्या तीन हकिगती आहेत. कौलाच्या पुस्तकात त्या कशाला, असं एका मित्राने विचारलं. माझं उत्तर असं: कौल म्हणजे दोन बाजूंचा शब्द असेल, तर ज्या गावाने आपल्याच माणसांशी शब्द मोडला, त्याची नोंद याच वहीत व्हायला हवी. गावाने देवाला पुढे करून वचन मोडलं. तो हिशेब देवाच्या नव्हे, आपल्या खाती आहे.

आणखी एक प्रश्न मला टाळता आला असता, पण सांगणाऱ्यांनीच टाळू दिला नाही. 2005 च्या 25-26 जुलैला दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि मुंबईकडे निघालेल्या 2 एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. 22 जुलै 2021 रोजी तळीयेवर दरड कोसळून 80हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळेही ढिगाऱ्याखाली आली. गाडीतल्या कित्येकांच्या खिशात अंगारा असेल. दरडीखालच्या घरांच्या देव्हाऱ्यात दिवा असेल.

या माणसांसमोर बसून वचनावरच्या श्रद्धेचं कौतुक करायला जीभ रेटत नाही. मी फक्त ऐकलं. एका बाईंनी, ज्यांचे घरचे गेले आणि त्या स्वतः त्या दिवशी मुंबईत धुणीभांडी करत होत्या म्हणून राहिल्या, मला एक गोष्ट सांगितली ती मी अजून पचवतो आहे. त्या म्हणाल्या, "मुंबईला जाताना भ्या वाटायचं. डोंगराचं कधी न्हाय वाटलं. डोंगर आपलाच." आपण सगळे अज्ञात हे दूर, शहरात, समुद्रापलीकडे आहे असं धरून चालतो. त्या बाईंना अज्ञात भेटलं ते परसदारी, जन्मभराच्या ओळखीच्या उतारावर. जाणाऱ्यालाच वचन लागतं असं नाही, राहणाऱ्यालाही लागतं. आणि ते वचन फक्त देवाने द्यायचं नसतं. उतारावरची झाडं, पाण्याच्या वाटा, दरडीची आगाऊ सूचना, पुलाची वेळेवरची तपासणी हे माणसांनी माणसांना द्यायचे कौल आहेत. भजनीबुवांच्या भाषेत सांगायचं तर हे चिलखत आहे, आणि ते आपण घातलेलं नव्हतं.

या पुस्तकातल्या हकिगती सांगणाऱ्यांची नावं त्यांच्या सांगण्यावरून बदलली आहेत, वाड्यांची नावंही काही ठिकाणी गाळली आहेत. बोली जमेल तितकी तशीच ठेवली. 'दिलंन', 'म्हटलंन' ही रूपं प्रमाण मराठीत बसवायचा मोह आवरला, कारण त्यातला तो शेवटचा 'न' म्हणजे देव समोर उभा असल्यासारखं बोलणं आहे. देवाला 'त्यांनी दिलं' असं आदरार्थी कुणी म्हणत नाही. घरातल्या माणसासारखा तो एकेरी असतो, म्हणून त्याच्याशी भांडताही येतं. देवाशी भांडण झाल्याच्या 4 हकिगती इथे आहेत, त्यांतल्या 2 अजून मिटलेल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र जवळपास सगळ्यांत आहे. महाशिवरात्रीनंतर महाडला वीरेश्वराचा छबिना असतो. पंचक्रोशीतल्या देवांच्या पालख्या येतात, विन्हेऱ्याची झोलाई येते, आणि त्या रात्री महाडच्या रस्त्यांवर मुंबई, पुणे, सुरत, कधी आखातातून आलेली माणसं दिसतात. पुढे शिमग्यात पालखी घरोघर फिरते. बंद घरासमोरही ती क्षणभर थांबते. खांद्याला दांडी लागली की साठीचा माणूसही चपला काढून नाचतो. हे सगळे हप्ते भरायला आलेले असतात. जुन्या कौलनाम्यातल्या इस्ताव्यासारखे, वय वाढेल तसे चढत जाणारे.

म्हणून वाचकाला विनंती एकच. या हकिगती वाचताना देवाने आपला शब्द पाळला की नाही, हे शोधत बसू नका. ते हिशेब या माणसांनी आपापल्या परीने केलेले आहेत आणि कुणाचंही उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. निघताना माणसाने काय कबूल केलं होतं आणि त्याने ते कसं फेडलं, तेवढं पाहा. तिथे दुसऱ्याचं उत्तर आपल्यालाही उपयोगी पडतं.

मी स्वतः शब्द दिल्यापासून एक शिमगा चुकवला आहे. त्या वर्षी नवी नोकरी होती, रजा मागायची लाज वाटली. गुरवकाकांना पुढच्या वर्षी ते सांगितलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत; फक्त पालखीची पुढची दांडी सोडून मला मागच्या दांडीला उभं केलं. माझी हकिगत या संग्रहात घेतलेली नाही, म्हणून एवढी नोंद इथे करून ठेवतो.